देठांसकट

आमच्या घरात वाइन करणारी माणसं चार आणि बाटलीत जाते ती तिघांची. चौथ्याची दरवर्षी बाहेर राहते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

चार म्हणजे आत्या, बाबा, ताई आणि मी. आत्या बाबांची थोरली बहीण. मळा दोघांचा आहे, पण शेवटचा शब्द तिचा असतो, आणि बऱ्याचदा पहिलाही. ताई शिकलेली आहे. बाहेर राहून वाइनचा कोर्स करून आली आणि जुन्या न्हाणीघरात तिनं छोटी प्रयोगशाळा थाटली. मी शिकलेला नाही. शाळेला मी जमलो नाही. मला जे येतं ते हौदात हात घालून, व्हिडिओ बघून आणि एक अख्खं पिंप व्हिनेगर करून आलंय. आई या खेळात नाही. आंबणाऱ्या रसाच्या वासानं तिला मळमळतं. ती बाटल्यांची पाठवणी बघते आणि आम्हा चौघांना बेवडे म्हणते. खरं तर आमच्यातलं कुणीच धड एक ग्लासही संपवत नाही. चाखतो आणि थुंकतो.

प्रत्येकाचा जमिनीचा एक तुकडा ठरलेला. घरासमोरचं मोठं सपाट शेत आत्याचं. ओढ्याकडेचं ताईचं. रस्त्यालगतचं माझं, सगळ्यात नवं, वेली अजून मनगटाएवढ्याही नाहीत. आणि घरामागे जी टेकडी चढते तो उतार बाबांचा. तिथं मातीपेक्षा दगड जास्त. वेली आजोबांच्याही आधीच्या. बुंधे पिळलेल्या ओल्या कपड्यासारखे दिसतात आणि घड येतात मुठीत मावतील एवढे. पीक थोडं, रस फिका. पण बाबा दुसरीकडे काम करायला तयार नाहीत. रोज सकाळी एक चक्कर वर असतेच, काम असो नसो. आई म्हणते, याचं लग्न माझ्याशी झालंय ते फक्त जेवणापुरतं.

आता पद्धत सांगतो. आम्ही तिघं घड मशीनमध्ये टाकतो. खालून मणी पडतात आणि बाजूनं घडाचा सांगाडा बाहेर येतो, म्हणजे सगळे देठ. ते फेकायचे. मणी हौदात जातात आणि रस सालींसकट आंबतो. बाबा मशीन वापरत नाहीत. ते क्रेट उचलतात आणि घड देठांसकट सिमेंटच्या हौदात उलटे करतात. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत उतरतात आणि तुडवतात.

"पाय धुतलेस का रे?" आत्या दरवर्षी विचारते.

"धुतले तर चव कुठून येणार अक्का?" हे बाबा दरवर्षी म्हणतात. विनोद इतका जुना झालाय की आता कुणी हसत नाही, पण कुणी तो वगळतही नाही.

देठांमुळे वाइनला एक चव येते. हिरवी फांदी दातानं तोडल्यासारखी. तुरट. जिभेच्या दोन्ही कडा धरून ठेवते आणि सोडत नाही. बाटलीत बरीच वर्षं ठेवली तर तीच चव छान उलगडते, हे ताईपण मान्य करते. पण ठेवतो कोण? गिऱ्हाईक संध्याकाळी घेतं आणि रात्री उघडतं.

वाइन आंबून झाली की ती पिंपात भरतात आणि पिंप तळघरात जातं. आणि तिथून पुढे ते आपलं नाही. हा आजोबांचा नियम. हिवाळाभर कुणी तळघरात उतरायचं नाही, आपली वाइन चाखायची नाही. सगळी पिंपं पिंपमामांच्या ताब्यात. हे कुणाचे मामा नाहीत. आजोबांनी ठेवलेला माणूस, तेव्हापासून आहेत. पिंपं भरून ठेवणं, कमी झाली की वरून घालणं, गाळ खाली बसला की वाइन दुसऱ्या पिंपात ओढून घेणं, हे सगळं ते करतात आणि करताना सतत बोलतात. समोर कुणी नसलं तर पिंपांशी.

वसंत आला की निवड. बाटल्या भरायच्या खोलीत टेबलावर चार ग्लास ठेवायचे. कुठला कुणाचा ते फक्त मामांना माहीत. प्रत्येक ग्लासमागे चहाची एक जुनी डबी, झाकणाला भोक पाडलेली, आणि डबीखाली चिठ्ठी. आपण एकेकटं आत जायचं, मोठ्यापासून सुरुवात. चारही चाखायच्या. हातात एक बूच असतं. जी वाइन बाहेर राहावी असं वाटतं तिच्यामागच्या डबीत बूच टाकायचं आणि बाहेर यायचं. ज्या डबीत जास्त बुचं, ती वाइन सुटी विकली जाते. बाकी तिन्ही एकत्र करून आमच्या नावानं बाटलीत जातात. एकदा आत्याचीच बाहेर राहिली होती. त्यानंतर बरेच दिवस ती सगळ्यांशी फार गोड बोलायची, ते जास्त भीतीदायक होतं.

आणि आजोबांचा दुसरा नियम. एकच तुकडा लागोपाठ तीनदा बाहेर राहिला, की त्या वेली उपटायच्या आणि नव्या लावायच्या. रडायचं नाही.

बाबांची वाइन लागोपाठ दोनदा बाहेर राहिली होती.

दुसऱ्या वेळेनंतर थोड्याच दिवसांनी जेवताना आत्या म्हणाली, "नर्सरीवाल्याला सांगून ठेवलंय. कलमं आधीपासून सांगावी लागतात."

"कसली कलमं?" बाबांनी विचारलं.

"उतारासाठी. लागली तर."

"आणि नाही लागली तर?"

"तर दुसरीकडे लावू. तू लगेच तोंड पाडू नकोस. अजून एक हंगाम आहे."

बाबांनी तोंड पाडलं नव्हतं. ते पावाचा तुकडा तोडत होते, तोडत राहिले. नंतर बघितलं तर ताटात नुसता चुरा होता.

"बाबा, मी परत सांगते," ताई म्हणाली. "देठ काढा. सगळे नको, निम्मे काढा. वाइन मऊ होईल. कुणाला कळणार पण नाही तुमची कुठली."

"तू तुझ्या हौदाचं बघ."

"माझ्या हौदाला काय झालंय?"

"काही नाही झालं. तेच म्हणतोय. त्याला कधीच काही होत नाही."

ताई उठून गेली. आई म्हणाली, आता भांडी कोण घासणार ते पण डबीत बूच टाकून ठरवा.

द्राक्षं पिकली. तोडणीच्या दिवसांत आमच्याकडे कुणी कुणाचं बघत नाही. जो तो आपल्या हौदाशी. फेस वर येतो, साली तरंगून वर जाड थर होतो, तो दिवसातून कितीदा तरी दांड्यानं खाली दाबावा लागतो. हात कोपरापर्यंत जांभळे होतात आणि चिलटं नाकात जातात.

माझी अडचण वेगळी होती. माझ्या वेली कोवळ्या, त्यामुळे वाइन पातळ. ताई तिला रंगीत पाणी म्हणते, तोंडावर म्हणते. तिला जरा कणा यावा म्हणून मी बरंच काय काय करून बघितलं होतं. एके दिवशी मी चोथा टाकायला शेडमागे गेलो तर तिथं देठांचा ढीग. उतारावरचे, ते लगेच कळतं, इतके लहान सांगाडे दुसऱ्या कुणाचे नसतात. मला वाटलं, बाबांनी हिरवे घड निवडून बाजूला काढले असतील. दरवर्षी थोडे काढतात. ढीग जरा मोठा वाटला. वाटला आणि डोक्यातून गेला.

मी त्यातले तपकिरी, वाळत आलेले देठ वेचले. कांद्याच्या जाळीच्या पोत्यात भरले, पोत्याचं तोंड बांधलं, आत एक धुतलेला धोंडा टाकला आणि पोतं माझ्या हौदात बुडवलं. चहात पुडी सोडतात तसं. थोड्या दिवसांनी काढून टाकलं. कुणाला सांगितलं नाही. ताईला कळलं असतं तर पुढची सगळी जेवणं तिनं त्यावर काढली असती.

बाबा त्यांच्या हौदात उतरलेले आम्ही सगळ्यांनी बघितले. पँट दुमडलेली, हात कठड्यावर. आत्यानं पाय धुण्याचं विचारलं, बाबांनी चवीचं सांगितलं. सगळं नेहमीसारखं. पायाखाली नक्की काय आहे ते कोण बघतं?

पिंपं तळघरात गेली. हिवाळा आला, छाटणी झाली, पिंपमामा खाली एकटेच बोलत राहिले.

निवडीच्या दिवशी बाबा सकाळीच वर जाऊन आले. बुटांना चिखल होता. आत्यानं दारातच बूट काढायला लावले, त्यामुळे तो पूर्ण दिवस ते मोज्यांवर होते. एका मोज्याला भोक होतं. मला ते उगाच लक्षात राहिलंय.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. पिंपमामा दाराशी उभे.

"मामा, आज तुम्ही गप्प," आत्या म्हणाली.

"मी कुठं काय बोलतोय मालकीणबाई."

"चेहऱ्यानं पण बोलायचं नाही."

मामांनी भिंतीकडे तोंड करून दाखवलं.

आत्या आत गेली, आली. चेहरा कोरा. बाबा गेले. त्यांना खूप वेळ लागला. इतका की ताईनं माझ्याकडे बघितलं आणि मी माझ्या बुटांकडे. बाबा आले आणि बाकाच्या टोकाला बसले. ताई गेली आणि लगेच आली. ती परीक्षेतही अशीच लवकर पेपर देऊन यायची.

मी आत गेलो. खोलीत ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. खिडकीतून उजेड ग्लासांवर पडत होता. पहिला ग्लास गडद, भरदार, तो आत्याचा, त्यात शंकाच नको. दुसरा नीटनेटका, जिथल्या तिथं, इस्त्री केलेला. ताई. तिसरा तोंडात घेतला आणि जिभेच्या कडा धरल्या गेल्या. हिरवी फांदी. बाबा.

मला बरं वाटलं आणि वाईटही. बरं यासाठी, की वाइन या वेळी चांगली होती. तुरट होती, पण आत काहीतरी गोलाई होती. वाईट यासाठी, की ओळखू येत होती. मला आली म्हणजे सगळ्यांना आली.

चौथा ग्लास पातळ. स्वच्छ, सौम्य, गिळला की संपला. म्हणजे माझा. जाळीच्या पोत्याचा काही उपयोग झाला नाही तर, असं मनात आलं. देठांचा मागमूस नव्हता.

मी आधीच ठरवून आलो होतो की बाबांच्या डबीत बूच टाकायचं नाही. कसलीही असो वाइन. माझी एकदा बाहेर राहिली तर काय बिघडतं, मला पुढे दोन वर्षं आहेत. मी बूच चौथ्या डबीत टाकलं. टाकताना आवाज आला तो बुचावर बूच पडल्याचा. चला, कुणीतरी माझ्यासारखाच विचार केलाय, असं वाटलं. बाहेर आलो तेव्हा मी जवळजवळ खूश होतो.

मग सगळे आत गेलो. पिंपमामांनी डब्या उघडायला घेतल्या. पहिली रिकामी. दुसरी रिकामी. तिसरीचं झाकण काढलं, उलटी केली, बुडावर थापटी मारली. रिकामी. चौथी उलटी केली आणि चार बुचं टेबलावर पडली. एक घरंगळत जाऊन फरशीवर पडलं, ते कुणी उचललं नाही.

चारही एकाच डबीत असं कधी झालं नव्हतं. आजोबांच्या वेळीसुद्धा नाही, असं आत्या नंतर म्हणाली.

"अरेरे बारक्या," ताई म्हणाली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सॉरी हं. पण खरंच पाणी होतं."

"मी पण त्यातच टाकलं," मी म्हटलं.

"स्वतःच्याच? वेडा आहेस का?"

पिंपमामांनी डबीखालची चिठ्ठी काढली, वाचली आणि परत वाचली. त्यांना गप्प राहायला सांगितलं होतं. तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा खरंच गप्प राहिला. चिठ्ठी त्यांनी नुसती टेबलावर ठेवली.

उतार, असं लिहिलं होतं.

ताईनं तिसऱ्या डबीखालची चिठ्ठी ओढली. रस्ता. म्हणजे माझी. फांदीचा, तुरट, जीभ धरणारा ग्लास माझा होता.

"मामा, तुम्ही चिठ्ठ्या बदलल्यात," आत्या म्हणाली.

"मी?" मामांचा आवाज चिरका झाला. "मालकीणबाई, मी या घरात म्हातारा झालो. दात गेले माझे. चिठ्ठी बदलणार मी?"

"नाही बदलल्या," बाबा म्हणाले. "मी देठ काढले होते."

मग ताईनं विचारलं, "कधी?"

"वरच्या खोपटात. हातानं. तारेच्या जाळीवर घासून. देठ अंधारात शेडमागे आणून टाकले. मशीन लावलं असतं तर तुम्ही सगळे बघायला आला असता."

"सगळे काढले?"

"तूच सांगत होतीस ना."

"मी निम्मे म्हटलं होतं!"

"निम्मं करायला मला येत नाही," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू काय केलंस? तुझ्यात देठ कुठून आले?"

मी ढिगाचं सांगितलं. पोत्याचं, धोंड्याचं. बाबांनी तिसरा ग्लास उचलला, नाकाशी धरला आणि बराच वेळ तसाच धरला.

"माझेच आहेत," ते म्हणाले.

आत्या खुर्चीत बसली. ती सहसा बसत नाही. "एक मिनिट," ती म्हणाली. "आता खरं बोला सगळे. तिसरा ग्लास याचा आहे असं कुणाकुणाला वाटलं?"

ताईनं हात वर केला. मी केला. आत्यानं स्वतःचा केला.

"म्हणजे आपण तिघांनी याला सोडायचं म्हणून सोडला. आणि चौथा बारक्याचा समजून बारक्याला बाहेर काढला. ही निवड झाली का? आपण वाइन चाखलीच नाही, माणसं चाखली. ही मी धरत नाही. उद्या परत ग्लास लावू."

"नाही," बाबा म्हणाले.

"अरे, तुझ्याच भल्याचं बोलतेय मी."

"कळतंय मला. पण अक्का, गेली दोन वर्षं पण तुम्ही माझा ग्लास ओळखलात ना? ओळखून बाहेर काढलात. तेव्हा धरलंस. या वर्षी पहिल्यांदा कुणालाच माहीत नव्हतं माझा कुठला. म्हणजे खरी निवड हीच. चारच्या चार."

"चार कसे? तुमचं एक धरून," ताई म्हणाली. आणि मग तिच्या लक्षात आलं. आम्हा सगळ्यांच्याच तेव्हा आलं. चौथं बूच बाबांचं होतं. "तुम्हाला कळलं नाही ते तुमचं आहे?"

"शंका आली होती."

"मग?"

"मग काय, शंका आली म्हणून खोटं टाकू? त्यात कुणी राहतच नव्हतं. झाडून पुसून रिकामं केलेलं घर असतं ना, तसं. मी तोंडात घेतलं आणि म्हटलं, हे बाहेर जायला पाहिजे." त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला. "आधी तो तिसरा चाखला तेव्हा वाटलं, हा माझा. मग आठवलं की मी तर देठ काढलेत. तिथंच उभा राहिलो. वेळ त्यातच गेला."

मामांनी नाक शिंकरलं. ते रडत होते की चिठ्ठीच्या आरोपाचा राग अजून गेला नव्हता, सांगता येत नाही.

आत्या टेबलावरची तीन बुचं बोटानं एका रेषेत लावत बसली होती. नियम तिच्या वडिलांचा होता आणि तो पाळणारी ती. "मग ऐक," ती म्हणाली. "हिवाळ्यात कलमं येतील. तीनदा म्हणजे तीनदा. तूच म्हणतोयस धरा म्हणून."

"धराच."

"उतार उपटायचा."

"वेलींनी काय घोडं मारलंय?" बाबा म्हणाले. "तिसऱ्या ग्लासात कणा कुणाचा होता? या पोराच्या पाणचट रसात त्यांचे नुसते फेकलेले देठ पडले तर तुम्ही तिघंही फसलात. मीही फसलो. वेली पडल्या नाहीत अक्का. मी पडलो. मी घाबरलो आणि दुसऱ्याच कुणाची तरी वाइन करायला गेलो. उपटायचं तर मला उपट."

"नियमात असं नाही."

"नियम करताना आबांना काय माहीत मी असा निघणार?"

यावर आत्या हसली. एकदम, तोंडावर हात ठेवून, शाळेतल्या मुलीसारखी. बाबा नाही हसले.

"उतार बारक्याला दे," ते म्हणाले. "मी रस्त्याकडेला जातो."

मला वाटलं मला कुणीतरी विचारेल. नाही विचारलं. मी म्हटलं, "बाबा, नको, मला नाही येणार वरचं."

"नाही येणार," बाबा म्हणाले. "शीक."

ताईनं प्रयत्न केला. म्हणाली तुकडे बदलून काय साधणार, आपण देठांचं प्रमाण ठरवू, मी नमुने करून देते, बाबांनीच करावं वरचं. तिचं बरोबर होतं. पण बाबांनी बूच टाकलं होतं आणि त्यांना ते परत उचलायचं नव्हतं. आत्याला हे आमच्याआधी कळलं. ती म्हणाली, "राहू दे ग. कलमं मी माझ्या शेताच्या टोकाला लावीन. तिथल्या वेली तशाही माझ्यासारख्या झाल्यात, नुसती पानं." आणि उठून खोलीच्या बाहेर गेली. जाताना फरशीवरचं बूच तिनं उचललं आणि खिशात टाकलं.

त्या वर्षी बाटलीत तीन वाइन गेल्या. उतारावरची सुटी गेली. पाहुणे येतात तेव्हा म्हणतात, यंदा तुमच्या वाइनला जरा जोर दिसतोय. आत्या सांगते, मुलगा शिकतोय.

बाबा वर यायचे बंद झाले. एकदम. मला वाटायचं निदान सकाळची चक्कर राहील, पण ती आता रस्त्याच्या कडेनं असते. तिथं ट्रक जातात, पानांवर धूळ बसते. माझे खांब मी वाकडे रोवले होते, ते त्यांनी सगळे सरळ केले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. मी वर वेलींशी धडपडत होतो. एकदा जेवताना विचारलं, वरच्या तिसऱ्या ओळीत पानं पिवळी पडतायत, काय करू?

"तुझ्या वेली आहेत," बाबा म्हणाले.

"तरीपण."

"पाणी दे. मुळाशी नको, जरा लांब." आणि पुढे जेवायला लागले.

"बोलला ग बाई," आई आत्याला म्हणाली. "आता पाऊस पडेल."

तोडणी आली. मी घड वरून खाली आणले. निम्मे देठांसकट हौदात टाकले, निम्म्यांचे देठ मशीननं काढले. ताई म्हणाली तसं. हौदात उतरलो तर आत्या कठड्याशी येऊन उभी राहिली.

"पाय धुतलेस का रे?"

मला उत्तर माहीत होतं. पण पलीकडच्या हौदाशी बाबा उभे होते, दांडा हातात घेऊन, आमच्याकडे पाठ करून. मी म्हटलं, "धुतले."

"हं," आत्या म्हणाली आणि गेली.

काढलेले देठ मी शेडमागे टाकले, त्याच जागी. दुसऱ्या दिवशी सकाळी चोथा घेऊन गेलो तर ढीग नव्हता. म्हणजे होता, पण नुसते हिरवे राहिले होते, काट्यांसारखे विखुरलेले. एकचाकी गाडीची ओली खूण तिथून निघून बाबांच्या हौदापर्यंत गेली होती. पिंपमामा तिथंच नळावर पिंप धूत होते.

"मी काही बघितलं नाही," ते मी न विचारताच म्हणाले. "आणि बघितलं असतं तरी सांगणार नव्हतो. माझ्यावर चिठ्ठ्यांचा आळ आलाय एकदा."

मी चोथा टाकला आणि परत फिरलो. दुपारी मशीनमधून दुसरी खेप निघाली. देठ टाकताना मी हिरवे खाली घातले आणि तपकिरी वर ठेवले, म्हणजे अंधारात निवडत बसायला नको.